कागदी कारभार

बँकेत कागदाला घडी घालणं हे पाप समजतात. चेकला घडी पडलेली मशीनला चालत नाही, नोटेला पडलेली कॅशियरला चालत नाही. डिपॉझिटच्या पावतीच्या सोळा घड्या करून ती बटव्यात घेऊन येणाऱ्या आजीबाई दिसल्या की आमचं अख्खं काउंटर हवालदिल होतं. अशा ठिकाणी वीस वर्षं काढलेल्या माणसाला अकिरा योशिझावा आवडायचं काही कारण नव्हतं.

पण तो पडला मूळचा नोकरदार! जन्म १९११ चा, शेतकऱ्याघरचा. तेराव्या वर्षी टोकियोत येऊन कारखान्यात चिकटला. पुढे ड्राफ्ट्समन झाला आणि नव्या पोरांना भूमिती शिकवायचं काम गळ्यात पडलं. तेव्हा हा कागद घेऊन बसला. काटकोन निम्मा दुमडा, झाले पंचेचाळीस अंश. कंपासपेटी उघडायलाच नको! (आम्हाला बी. कॉम.ला चक्रवाढ व्याज असं कुणी शिकवलं असतं तर?)

इथवर ठीक होतं. पण १९३७ साली ह्या गृहस्थानं नोकरी सोडली. कशासाठी, तर कागदाच्या घड्या घालायला! पोटासाठी दारोदार त्सुकुदानी विकायचा. म्हणजे सोया सॉसमध्ये आटवलेलं, भाताशी खायचं तोंडीलावणं. त्यांचं लोणचंच म्हणा ना. अशी पंधराएक वर्षं. मधल्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय तुकडीत गेला, तिथंही आजाऱ्यांना कागदाचे प्राणी करून देई.

जानेवारी १९५२ मध्ये एका सचित्र साप्ताहिकात त्याचे जपानी वर्षचक्रातले बारा प्राणी छापून आले आणि चाळिशीत नशीब उघडलं. १९५४ ला पुस्तक, १९५५ ला थेट अ‍ॅमस्टरडॅमच्या म्युझियममध्ये प्रदर्शन. तोवर घड्या म्हणजे आपल्या होडी-विमानासारख्या, एकानं दुसऱ्याला दाखवायच्या. ह्यानं त्या लिहून ठेवायची लिपी काढली: आत दुमडायची ती तुटक रेघ, बाहेर दुमडायची ती रेघ-टिंब, दिशेला बाण. ड्राफ्ट्समनचा हात! जपानीचं अक्षर न येणाऱ्यालाही ती वाचता येते. जाड कागद किंचित ओला करून त्याला गोलाई द्यायची युक्तीही त्याचीच. वाळला की प्राणी अंगानं भरतो. आणि एवढं करून प्राणी विकायचा नाही, देऊन टाकायचा. १४ मार्चला जन्मला, २००५ साली १४ मार्चलाच गेला. खातं उघडल्या तारखेलाच बंद. इतका चोख हिशेब आमच्याकडेही लागत नाही.

हे सगळं मी डबा खाताना वाचलं. डब्यात लोणचं होतं. घास अडकला.

कारण सव्विसाव्या वर्षी मीही एक राजीनामा लिहिला होता. नाटकं लिहायची होती. त्याची चौघडी करून कपाटात ठेवला, तो तिथंच. त्या रात्री काढला. घडीवर कागद पिवळा पडला होता.

"बाबा, ह्याचं काही करायचंय?" मुलीनं विचारलं. "हा लांबट आहे. आधी चौरस करायला हवा."

म्हटलं, कर.

तिनं खालची पट्टी फाडली. माझी सही नेमकी तिच्यात गेली.