'पॅरामाउंट' म्हणजे नेमकं कुणाच्या वर?

आज एकाच इंग्रजी विशेषणाबद्दल बोलू: 'पॅरामाउंट'. शब्दकोशात याचा अर्थ सर्वोच्च, सर्वश्रेष्ठ, सार्वभौम असा मिळतो. तिथंच मी फसलो होतो, म्हणून हे लिहितोय.

माझं काम बुलडाणा जिल्ह्यावर, म्हणजे जुन्या वऱ्हाडच्या एका भागावर आहे. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "१९३६ साली वऱ्हाडवर निजामाचं सार्वभौमत्व होतं आणि ब्रिटिश सत्ता सार्वभौम होती." मार्गदर्शकांनी समासात एवढंच विचारलं, "मग मलकापूर कुणाचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण दोन वेगळे इंग्रजी शब्द, 'सॉव्हरिन' आणि 'पॅरामाउंट', मी एकाच मराठी शब्दात कोंबले होते.

आता हा शब्द आला कुठून ते बघा. तो जुन्या नॉर्मन फ्रेंचमधला, अर्थ 'वरच्या बाजूला'. इंग्लंडच्या सरंजामी व्यवस्थेत जमीन राजाकडून सरदाराला, सरदाराकडून त्याच्या खालच्याला अशी उतरत यायची. ज्याच्या वर दुसरा धनी नाही, तो 'लॉर्ड पॅरामाउंट'. म्हणजे या विशेषणात खाली कुणीतरी हक्कदार आहे हे गृहीतच धरलेलं असतं. 'सार्वभौम'चं तसं नाही. सगळ्या भूमीचा स्वामी म्हटलं की खालचा धनी नजरेआडच होतो. मराठीत खालच्यासाठी 'मांडलिक' हा नेमका शब्द आहे. वरच्याला मात्र आपण पटकन 'सार्वभौम सत्ता' म्हणून टाकतो.

ही अडचण फक्त आपली नाही. रशियन भाषकाला 'पॅरामाउंट'साठी 'वेर्खोव्नी' हा शब्द सुचतो. 'वेर्ख' म्हणजे वरचं टोक. पण सर्वोच्च न्यायालयालाही रशियनमध्ये हेच विशेषण लागतं. उंची कळते, खाली कोण आहे ते कळत नाही.

आता वऱ्हाडकडे येऊ. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीकडे 'असाइन' केला, म्हणजे हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी कारभार सोपवला. मालकी सोडली नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्यानं घेतला. पुढच्याच वर्षी वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला.

१९२३ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितला. त्यांचं म्हणणं होतं की परराष्ट्र व्यवहार सोडले तर अंतर्गत बाबतीत आपण ब्रिटिशांच्या बरोबरीचे आहोत. २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं ते साफ फेटाळलं. आशय असा: ब्रिटिश राजसत्तेचं श्रेष्ठत्व केवळ तहांवर उभं नाही, ते तहांपलीकडचं आहे, आणि कोणताही संस्थानिक बरोबरीच्या नात्यानं वाटाघाटी करू शकत नाही. थोडक्यात, वऱ्हाडच्या प्रश्नाला उत्तर देताना सगळ्याच संस्थानांना त्यांची जागा दाखवली गेली. पुढं बटलर समितीला संस्थानिकांना हे अधिकार नेमके कुठवर ते ठरवून हवं होतं. १९२९ च्या अहवालात समितीनं पक्की व्याख्या केलीच नाही. व्याख्या नसणं वरच्याच्याच सोयीचं होतं.

१९३६ च्या करारात मात्र वऱ्हाडवरचं निजामाचं सार्वभौमत्व मान्य झालं आणि युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. कारभार तसाच राहिला. आता मलकापूरचं उत्तर देता येतं: कागदावर सार्वभौम निजाम, कारभार मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारचा, आणि निजामाच्याही वर 'पॅरामाउंट' म्हणून ब्रिटिश राजसत्ता. तीन थर, तीन शब्द.

हा नुसता शब्दांचा खेळ वाटत असेल तर १९४७ बघा. स्वातंत्र्याच्या कायद्यानं संस्थानांवरची ही अधिसत्ता भारताकडे सोपवली नाही, ती संपुष्टात आणली. वरचा थर निघाल्यावर निजामानं स्वतंत्र राहण्याचा दावा केला. त्यामुळे १५ ऑगस्टला बुलडाणा जिल्ह्यातलं देऊळगाव राजा भारतात होतं, आणि शेजारचं जालना हैदराबाद संस्थानात. तिथल्या लोकांना सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. 'पॅरामाउंट' आणि 'सॉव्हरिन' एकच मानलं, तर ही तेरा महिन्यांची कोंडी समजतच नाही.

म्हणून अभिलेखागारात सत्तेचं विशेषण दिसलं की भाषांतराआधी वहीत तीन प्रश्न लिहा. हा शब्द कुणी वापरलाय? कुणाला उद्देशून? आणि त्याच्या खाली कुणाचा कोणता हक्क शिल्लक आहे? तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत मी हल्ली 'पॅरामाउंट' देवनागरीत तसाच ठेवतो. चुकीच्या मराठी शब्दापेक्षा ते बरं.