देवघेवीच्या वहीतील तीन खाती : बडोदे संस्थानातील मराठी वाचनाभिरुचीचा मागोवा

कोणत्याही जुन्या ग्रंथालयाच्या दप्तरात दोन प्रकारच्या वह्या असतात. एक इतिवृत्ताची. तीत कार्यकारी मंडळाचे ठराव, आलेल्या देणग्या, थोरामोठ्यांच्या भेटी आणि वाचकांनी काय वाचावे याविषयीच्या सदिच्छा नमूद असतात. दुसरी देवघेवीची. तीत कोणी कोणते पुस्तक केव्हा नेले आणि केव्हा परत केले, एवढेच असते. पहिलीवरून संस्थेचा हेतू समजतो, दुसरीवरून वाचकाचा. ग्रंथालयांचे इतिहास बहुधा पहिल्या वहीच्या आधारे लिहिले जातात, कारण ती कुलुपात राहते. दुसरी भरली की रद्दीत जाते.

बृहन्महाराष्ट्रातील ग्रंथालयांची देवघेव पाहिली तर तीन मागण्या पुनःपुन्हा समोर येतात : अभ्यासाचे पुस्तक, धंद्याला उपयोगी पडणारे पुस्तक आणि रहस्यकथा. पहिल्या दोन मागण्यांची प्रतिष्ठित मंडळींनी नेहमीच भलावण केली. तिसरीकडे त्यांनी कानाडोळा केला किंवा नाक मुरडले. या तिन्ही मागण्यांचे परस्परांशी नाते काय होते, हे पाहण्यास बडोद्याइतके सोयीचे ठिकाण नाही. पहिल्या दोन मागण्या पुरवण्यासाठी तेथे राजसत्ता आपल्या सर्व सामर्थ्यानिशी उभी राहिली. तिसरी मात्र वाचकांनी आपली आपणच पुरवून घेतली.

शाळेमागून ग्रंथालय

अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर गुजरातेत आलेली मराठी घराणी बडोद्यास स्थायिक झाली आणि मराठी ही तेथील दरबाराची व मोठ्या नागर वर्गाची भाषा बनली. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने पाव शतकात बडोद्यास भरली, यावरून त्या शहराचे मराठी वाङ्मयाशी असलेले नाते ध्यानी येते. या पार्श्वभूमीवर श्रीमंत सयाजीराव महाराज (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानास लागू केला. मुलांबरोबर मुलींनाही ही सक्ती होती.

शाळा निघाल्या, पण शाळा सुटल्यानंतर काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. चार बुके शिकलेला मुलगा नांगराला किंवा मागाला जुंपला गेला आणि पुढे त्याच्या हाती छापील कागद पडलाच नाही, तर शिकलेली अक्षरे पुसली जाणार हे उघड होते. शिक्षणावर केलेला खर्च वाया जाऊ नये यासाठी गावोगाव वाचनालय हवे, ही महाराजांची भूमिका होती. अमेरिकेच्या प्रवासात तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले.

बॉर्डन १९१३ पर्यंत बडोद्यास होते. एवढ्या अल्प काळात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. महाराजांनी आपल्या खाजगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ त्यास दिले. १९११ मध्ये ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग निघाला. हिंदुस्थानातील तो पहिला होय. पुढच्याच वर्षी ग्रंथालयविषयक नियतकालिक सुरू झाले. त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. बॉर्डन यांच्यानंतर या कार्याची धुरा वाहणाऱ्यांत जनार्दन सखाराम कुडाळकर आणि न्यूटन मोहन दत्त ही नावे अग्रगण्य आहेत. या चळवळीचा वृत्तान्त कुडाळकरांनी १९१९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

खेड्यांसाठी केलेली योजना विशेष लक्षणीय होती. गावकऱ्यांनी वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने द्यावी, असे त्रिभागाचे तत्त्व होते. ज्या गावास तेवढेही जमत नसे, तेथे फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी जाई. पेटीत साधारण पंधरा ते तीस पुस्तके असत आणि तिच्या वाहतुकीचा खर्च सरकार सोशी. एका पेटीतील पुस्तके वाचून झाली की ती परत जाई आणि दुसरी येई. शाळेने दिलेली अक्षरओळख टिकवण्याचे काम या पेट्यांनी केले.

हाताला काम देणारे पुस्तक

धंदेशिक्षणाचे पुस्तक देशी भाषेत हवे, ही जाणीव बडोद्यात ग्रंथालयांच्याही आधीची आहे. १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने तेथे कलाभवन स्थापन झाले. चित्रकला, यंत्रकला, रंगकाम, स्थापत्य इत्यादी विषय तेथे शिकवले जात. दादासाहेब फाळके मुंबईचे शिक्षण आटोपून याच संस्थेत दाखल झाले होते. रंगाऱ्याच्या किंवा सुताराच्या मुलास आपल्या धंद्याचे शास्त्र शिकण्यासाठी आधी परकी भाषा शिकावी लागू नये, हा गज्जरांचा आग्रह होता. यासाठीच मराठी व गुजराती भाषांत शास्त्रीय पुस्तके तयार करवण्याची ‘सयाजी ज्ञानमंजूषा’ ही योजना आखली गेली. पुढे १९१२ मध्ये महाराजांनी ग्रंथनिर्मितीसाठी दोन लक्ष रुपये वेगळे काढले. त्यातून ‘सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘सयाजी बालज्ञानमाला’ या माला निघाल्या.

या प्रयत्नांची व्याप्ती एकदोन विषयांपुरती नव्हती. गवई मौलाबक्ष यांनी गायनशाळेच्या विद्यार्थ्यांसाठी स्वरलिपीसह पाठ्यपुस्तके सिद्ध केली. १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यव्यवहाराचा कोश निघाला. एकाच इंग्रजी संज्ञेला मराठी, गुजराती, हिंदी, संस्कृत, बंगाली, उर्दू, फारसी अशा भाषांतील प्रतिशब्द देणारा तो ग्रंथ कचेरीतील कारकुनाच्या आणि वकिलाच्या नित्य कामाचा होता. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात बडोद्यातूनच प्रसिद्ध झाले. तालमीचा वस्ताद आणि शाळेचा व्यायामशिक्षक या दोघांनाही त्याचा सारखाच उपयोग होता.

मात्र अभ्यासाच्या आणि धंद्याच्या पुस्तकांचा वाचक कसा असतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे. तो गरजेपोटी येतो. परीक्षा जवळ आली की येतो, नोकरीत बढती हवी असली की येतो, नवे यंत्र बसवायचे असले की येतो. काम झाले की त्याची पावले ग्रंथालयाकडे वळत नाहीत. पुस्तकही त्याच्याबरोबर म्हातारे होते. अभ्यासक्रम बदलला की जुने पाठ्यपुस्तक निकामी ठरते. यंत्र बदलले की त्याची माहिती देणारे पुस्तक कपाटातच राहते. या वाचकाचे समाधान करणे हे ग्रंथालयाचे कर्तव्यच होय. परंतु दरमहा वर्गणी भरून संस्था चालती ठेवणारा वाचक बहुधा निराळा असतो.

रात्र जागवणारे पुस्तक

हा निराळा वाचक संध्याकाळी येई आणि नवीन काय आले आहे, असे विचारी. त्याला हवी असे ती गुंतवून ठेवणारी कथा. आणि त्यातही रहस्य असले तर अधिक उत्तम.

मराठी रहस्यकथेचे मूळ शोधू गेल्यास ते एकोणिसाव्या शतकात सापडते. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या इंग्रजी कादंबरीकाराची पुस्तके त्या काळी हिंदुस्थानात अतोनात वाचली जात. हरि नारायण आपटे यांच्यासारख्या गंभीर कादंबरीकारानेही १८८५ मध्ये ‘मधली स्थिती’ लिहिताना आरंभीची प्रेरणा रेनॉल्ड्सपासून घेतली, ही गोष्ट वाङ्मयेतिहासात प्रसिद्धच आहे. पुढे गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या कथानकांना संपूर्ण देशी पेहराव चढवला. ‘कालिकामूर्ति’, ‘बंधुद्वेष’, ‘इंद्रभुवनगुहा’ या त्यांच्या कादंबऱ्यांनी भुयारे, गुप्त वाटा आणि हरवलेले वारस यांचे एक अद्भुत विश्व मराठी वाचकापुढे उभे केले. विसाव्या शतकाच्या मध्यास बाबुराव अर्नाळकर यांनी तेच कुतूहल शहराच्या रस्त्यावर आणले. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. १९९६ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांच्या नावावर एक हजाराहून अधिक रहस्यकथा होत्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची पात्रे घरोघरी परिचयाची झाली. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर आदी लेखकांनी ही परंपरा पुढे नेली.

एका वर्गणीवर नेलेले असे पुस्तक एकटा सभासद वाचत नसे. घरातील तरुण मुलगा आधी वाचे, दुपारी आई वाचे, अंथरुणाला खिळलेले आजोबा रात्री वाचून घेत. देवघेवीच्या वहीत नोंद एकाची होई. वाचक तीन-चार असत. वडील मंडळी जे पुस्तक मुलांपासून लपवीत, ते बहुधा त्यांच्याच उशाखाली सापडे.

या वाङ्मयाने अभिरुची बिघडते, हा आक्षेप जुना आहे. तो सर्वस्वी निराधार होता असेही नाही. घाईने लिहिलेल्या आणि एकाच साच्यातून काढलेल्या कथा त्यात पुष्कळ होत्या. परंतु याच वाङ्मयाने जे कार्य केले, त्याची दखल घेणे न्यायाचे ठरेल. देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ ही तिलस्मी कादंबरी १८८८ मध्ये निघाली, तेव्हा ती वाचता यावी म्हणून अनेक उर्दू जाणणारे लोक हिंदी शिकले, असे हिंदी साहित्याच्या इतिहासकारांनी नमूद केले आहे. शाळेने अक्षरे शिकवली. ती कशासाठी शिकावीत, याचे उत्तर या कथेने दिले. बडोद्याच्या खेड्यांतून पेट्या फिरवणाऱ्यांना जी चिंता होती, ती दूर करण्यास रहस्यकथेसारखा दुसरा उपाय नव्हता.

बॉर्डन यांनी बडोद्यास मुक्तद्वार पद्धत आणली. म्हणजे वाचकाने कपाटापाशी जावे, पुस्तक हाताळावे आणि स्वतः निवडावे. पुढे १९३१ मध्ये डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक, ही त्यांतील दोन. कपाट उघडे ठेवल्यावर वाचक कोणत्या फळीकडे वळतो, हे ग्रंथपालाने ठरवायचे नसते, हा या दोन्ही गोष्टींचा मथितार्थ होय.

जे जपले आणि जे झिजले

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९६० मध्ये भाषावार राज्ये झाली आणि बडोदे गुजरातेत राहिले. राजाश्रय संपला, तसे तिन्ही खात्यांचे नशीब बदलले. बहुतेक मराठी घरांतील मुले गुजरातीत आणि पुढे इंग्रजीत शिकू लागली. त्यामुळे मराठी पाठ्यपुस्तकाचा वाचक प्रथम ओसरला. वकिली, वैद्यकी, यंत्रविद्या यांची पुस्तके इंग्रजीतच घेतली जाऊ लागली. दुसरे खातेही रोडावले. उरले ते तिसरे. ज्या मुलाचा मराठीशी शाळेत किंवा कचेरीत संबंध उरला नव्हता, तो सुटीच्या दिवसांत झुंजारच्या ओढीने मराठी ग्रंथालयाची पायरी चढत होता. भाषा आधी शाळेतून गेली, मग धंद्यातून गेली; करमणुकीच्या कपाटात मात्र तिने दीर्घकाळ तग धरला. हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव येथील परिस्थिती तपशिलात भिन्न असली, तरी मराठीबाहेरच्या भाषेत शिकणाऱ्या मुलाची ही वाट तेथील वाचकांनाही अनोळखी वाटणार नाही.

आणि येथेच इतिहासकाराची अडचण होते. कोश, शास्त्रीय पुस्तके, मालांचे खंड कापडी बांधणीत सुरक्षित राहिले. ते कमी हाताळले गेले म्हणूनच बव्हंशी टिकले. रहस्यकथा हलक्या कागदावर छापलेल्या होत्या. शेकडो हातांतून फिरून त्यांची पाने सुटली, मुखपृष्ठे गळाली आणि अखेर त्या निकाली निघाल्या. अर्नाळकरांच्या हजारांवर पुस्तकांपैकी निवडक तेवढी पुन्हा छापली गेली. बाकीच्यांचा शोध आज हौशी संग्राहक घेत असतात. परिणामी उद्याच्या अभ्यासकाने केवळ उरलेली कपाटे पाहिली, तर बडोद्याचा मराठी वाचक अहोरात्र शास्त्रीय ग्रंथच वाचत होता, असा त्याचा समज व्हावा. जे सर्वांत अधिक वाचले गेले, तेच सर्वांत कमी उरले आहे.

सयाजीराव महाराजांची दूरदृष्टी यामुळे उणी ठरत नाही. त्यांनी शाळा काढल्या नसत्या, पेट्या पाठवल्या नसत्या, तर अर्नाळकरांना वाचक कोठून मिळाला असता? पाठ्यपुस्तकाने वाचक घडवला, धंद्याच्या पुस्तकाने त्याच्या वाचण्याला समाजात मान मिळवून दिला आणि रहस्यकथेने त्याला ग्रंथालयात परत परत आणले. या तिघांपैकी एकावर दुसऱ्याचा अधिकार सांगता येत नाही.

शंभर वर्षे पुरी करणाऱ्या ग्रंथालयाने दुर्मिळ ग्रंथांची यादी करावी, त्यांना जंतुनाशक धूर द्यावा, नवी बांधणी करावी, हे योग्यच आहे. त्या यादीत एखादी पाने सुटलेली रहस्यकथाही असावी. आणि माळ्यावर जुन्या देवघेवीच्या वह्या अद्याप पडून असतील, तर त्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात. शंभर वर्षांच्या सभासदांनी आपल्या आवडीनिवडीचा इतिहास स्वतःच्या सह्यांनिशी त्यांत लिहून ठेवलेला आहे.