लोकरीच्या मुलखातील दोन विणी

मागावर धोटा फेकून कापड काढणे आणि दोन सुयांवर स्वेटर उभा करणे या दोन्ही कृतींना मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद लावले जाते. परंतु उभ्या-आडव्या धाग्यांच्या गुंफणीतून होणारे कापड आणि एकाच सलग धाग्याचे फास एकमेकांतून ओढून होणारी वीण यांना लागणारी लोकर, विणणारे हात आणि त्यांचा इतिहास ही सारीच वेगळी आहेत. २०२४ पासून अहिल्यानगर हे नाव धारण करणाऱ्या अहमदनगर जिल्ह्यात या दोन्ही विणी शेजारी शेजारी नांदल्या, तरी मेंढरांच्या या मुलखातील लोकर स्वेटरच्या सुयांवर फारशी कधी चढली नाही.

अकोले तालुक्याच्या डोंगरी पट्ट्याचा अपवाद सोडता जिल्ह्याचा बहुतेक भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो, आणि पीक बेभरवशाचे असलेल्या अशा प्रदेशात मेंढीपालन हा धनगर समाजाचा पिढीजात आधार ठरला. येथील शरद ऋतू दुतोंडी असतो: आश्विनात ऊन भाजून काढते, तर कार्तिकात पहाटेचा गारठा हाडांपर्यंत पोहोचतो. पारनेर तालुक्यातील ढवळपुरीसारख्या गावांतील मेंढपाळ याच सुमारास, दिवाळीनंतर, कळप घेऊन घाट उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. या वाटचालीचे वस्त्र म्हणजे घोंगडी. ती रात्रीचे पांघरूण आणि बसायचे आसन तर असतेच, शिवाय पाऊस आला की तिचा एक कोपरा आत दुमडून डोक्यावर टोकदार खोळ करता येते. शिवण आणि बटण यांच्याविना केवळ घडीच्या जोरावर तयार होणारा हा अंगरखाच म्हणायचा.

घोंगडीचा जन्म मेंढी भादरण्यापासून, म्हणजे तिची लोकर कातरीने उतरवण्यापासून होतो. दख्खनी मेंढी वर्षातून साधारण दोनदा भादरली जाते आणि वर्षाकाठी तिच्यापासून अर्ध्या किलोच्या आसपास लोकर मिळते, म्हणजे एका घोंगडीस अनेक मेंढरांचा हातभार लागतो. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. ते मऊ असते, म्हणून जावळाच्या घोंगडीचा मान मोठा. उतरलेली लोकर पिंजून मोकळी केली जाते, आणि तिचे सूत कातण्याचे काम मुख्यतः बायकांकडे असे. हे सूत केसाळ असल्यामुळे मागावर धागे एकमेकांत गुंतून तुटू नयेत म्हणून उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात: चिंचोके कुटून शिजवलेली चिकट लापशी कुंच्याने ताणलेल्या धाग्यांवर फिरवली जाते आणि उन्हात वाळली की सूत तारेसारखे ताठ होते. त्यानंतर विणकर जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायाने पावड्या दाबून धागे वरखाली करतो, हाताने धोटा टाकतो आणि फणीने प्रत्येक आडवा धागा ठोकून बसवतो. हे काम करणाऱ्यांना सनगर म्हणतात. धनगरांतील खुटेकर हा पोटभेदही विणकामासाठीच ओळखला जातो. मेंढीचा काळा रंगच कापडाचा रंग असल्याने रंगाऱ्याची गरज क्वचितच पडे.

या कापडाचा पोत विणीतून येत नाही, तो केसातूनच येतो, आणि ही लोकर स्वेटरच्या सुयांवर का चढली नाही, याचे उत्तरही तेथेच आहे. मेरिनो मेंढीच्या तंतूची जाडी साधारण २० मायक्रॉन असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर दख्खनी मेंढीची लोकर त्याच्या दुपटीहून जाड असते आणि तिच्यातील बरेचसे तंतू आतून पोकळ, केसासारखे ताठ असतात. जाड तंतूचे टोक कातडीवर टोचले की वाकत नाही, म्हणून ते बोचते. शिवाय सुईवरच्या फासाला लागणारी लवचिकता त्यात नसते. घोंगडी अंगाला चिकटत नाही, ती अंगावरून पडते, त्यामुळे तिच्या बाबतीत हाच राठपणा गुण ठरतो. ज्या लोकरीने मेंढपाळाला पावसात तारले, तीच सुयांसाठी निरुपयोगी होती, आणि यात कारागिराच्या कौशल्याची उणीव शोधणे अन्यायाचे आहे.

सुयांवरची वीण मुळात भूमध्य समुद्राच्या परिसरातली. इजिप्तमध्ये मध्ययुगीन सुती मोजे सापडले आहेत, आणि आज प्रत्येक स्वेटरमध्ये सुलट टाक्याचा जोडीदार असलेला उलटा टाका युरोपात १५६२ मध्ये दफन झालेल्या टोलेडोच्या एलिओनोरा या सरदारकन्येच्या मोज्यांत आढळतो. महाराष्ट्रात ही कला गोऱ्या मडमा आणि मिशनशाळा यांच्यामार्फत रुजली. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे उघडले. १८३९ मध्ये तेथे आलेल्या सिंथिया फेरर यांनी मुलींच्या शाळा चालवल्या, आणि सावित्रीबाई फुले यांचे शिक्षिकेचे प्रशिक्षण त्यांच्याकडे झाल्याचे सांगितले जाते. अशा शाळांत वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम असे, पुढे सरकारी कन्याशाळांतही शिवण-विणकाम हा विषय झाला, आणि पांढरपेशा घरांत ‘विणकाम’ या शब्दाचा अर्थच बदलून तो मागाऐवजी दोन सुयांकडे वळला. लोकर मात्र गिरणीची: १८७६ मध्ये सुरू झालेल्या कानपूरच्या लाल इमलीसारख्या गिरण्यांची, आणि नंतर कॅशमिलॉन या नावाने ओळखल्या गेलेल्या कृत्रिम धाग्याची.

डोक्यातून घालायच्या बिनबटणी स्वेटरची, म्हणजे पुलओव्हरची, आखणी पाहिली की हे शिक्षण गणिताचेही होते हे ध्यानात येते. छाती ९० सेंटिमीटर असेल आणि सैलपणासाठी १० सेंटिमीटर धरले, तर घेर १०० सेंटिमीटर होतो. नमुन्याच्या चौकोनात १० सेंटिमीटरला २० टाके बसत असतील, तर पुढच्या व मागच्या भागासाठी १००-१०० टाके घालावे लागतात. परंतु स्वेटरवर उभ्या वेण्या काढायच्या झाल्या, तर टाके एकमेकांवरून ओलांडले जाऊन कापड आक्रसते आणि त्याच १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके मावतात. अशा वेळी १०० टाक्यांचा भाग ५० ऐवजी जेमतेम ४२ सेंटिमीटर भरतो, आणि पुढून-मागून मिळून १६ सेंटिमीटरहून अधिक तूट येते. म्हणून ज्या विणीचा स्वेटर, त्याच विणीचा चौकोन आधी विणून मोजायचा असतो. एक सुलट-एक उलट असे एकाड एक घालून, पुढच्या ओळीत क्रम फिरवला की साबुदाण्यासारखे दाणे उठतात, आणि सतत एकावर एक आले की ताणणारा काठ होतो. पोत येथे टाक्यांच्या मांडणीतून घडवला जातो, मेंढीकडून आयता मिळत नाही.

पुढे दोन्ही विणींची गिऱ्हाइके आटली. लुधियानाचे यंत्रावरचे स्वेटर थंडीत शहराशहरांत विकायला येऊ लागले, आणि गिरणीच्या ब्लँकेटांनी घोंगडीची जागा घेतली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही (स्थापना १९६८) दख्खनी मेंढीच्या सुधारणेचा रोख मांसाकडे आहे. भादरणीची मजुरी लोकरीच्या किमतीतून निघत नसल्याने मेंढपाळ उतरलेली लोकर अनेकदा टाकूनच देतात. चोंडी (ता. जामखेड) येथे १७२५ मध्ये धनगर घरात जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव आज जिल्ह्याला आहे, त्यांनी महेश्वरला ज्या विणकरांना आश्रय दिला ते मात्र सूत आणि रेशीम विणणारे होते.

जुन्या वस्तूंचे शेवटही दोन तऱ्हांचे होत. विरलेली घोंगडी बैठकीत अंथरली जाई, कधी तुकडे होऊन खोगिराखाली जाई; तिचा धागा पुन्हा मोकळा होत नसे. लहान झालेला स्वेटर मात्र बाया उसवत. सुटलेला धागा फासांच्या आकारात वळ्यावळ्यांचाच राही, म्हणून त्याची लड खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून, धुऊन, खाली वजन टांगून वाळवत, आणि मग धाकट्यासाठी त्याच धाग्याचे नव्याने टाके घालत.