नाळ पडली का?

मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला, चिखलीकडचा. आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला बघायला आलेली बाई पहिल्यांदा हेच विचारते, "नाळ पडली का?" आठ-दहा दिवसांत पडली की सगळे निवांत. आज या साध्या प्रश्नामागच्या एका जनुकाचा इतिहास सांगतो.

१९७९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात काही बाळांची नोंद छापून आली. नाळ लवकर पडत नव्हती, जंतुसंसर्ग अंगभर पसरत होता आणि पांढऱ्या पेशींची हालचाल बिघडलेली होती. पुढे अशा मुलांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, पण जखमेत पू म्हणून होत नाही. असं का?

पांढरी पेशी रक्ताबरोबर वाहत असते. संसर्गाच्या जागी तिला रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून थांबावं लागतं, मगच ती बाहेर पडते. चिकटण्यासाठी तिच्या अंगावर दोन भागांची प्रथिनं असतात. या कुळाला १९८६ मध्ये 'इंटिग्रिन' हे नाव मिळालं. त्यातला सीडी१८ हा भाग बनवण्याची कृती एकविसाव्या गुणसूत्रावर, 'आयटीजीबी२' या जनुकात आहे. १९८७ मध्ये ती वाचता आली. कृती बिघडली की पेशी थांबा न घेणाऱ्या एसटीसारखी पुढे निघून जाते. वाळलेली नाळ सुटायलाही याच पेशी लागतात.

आई आणि वडील, दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच हा आजार होतो. नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते, आणि मामाची मुलगी करायची पद्धत आपल्याला काही नवी नाही. यात बाळंतिणीचा दोष नाही, कुणाची दृष्टही नाही.

तपासणी आपल्याच राज्यात होते. परळला केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी आहे. १९५७ मध्ये रक्तगटांचं केंद्र म्हणून सुरू झालेली ही संस्था आता पेशींवरचं सीडी१८ मोजते.

नाळ उशिरा पडली म्हणजे आजारच, असं नाही. पण तीन आठवडे उलटले, बेंबी लाल झाली किंवा ताप आला, तर "पडेल आपोआप" म्हणत बसू नका. आजार तीव्र असेल आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं नाही, तर बरीच मुलं दोन वर्षांचीही होत नाहीत.

तेव्हा गावाकडं कुणी "नाळ पडली का?" विचारलं, तर "कितव्या दिवशी?" हेही विचारा. भेटू पुढच्या भागात.