एका मताने काय होतं?

"माझ्या एकट्याच्या मताने काय फरक पडणार आहे?" हे वाक्य पुण्यातल्या नातेवाइकांकडून ऐकलंय आणि न्यू जर्सीतल्या मित्रांकडूनही. जागा बदलते, वाक्य तेच राहतं. आपल्या मंडळींत अमेरिकेचे नागरिक झालेले आता बरेच जण आहेत. शपथविधीच्या दिवशी हातात छोटा झेंडा धरून काढलेले फोटो सगळ्यांनी हौसेने पाठवले होते. पण नोव्हेंबर आला की त्यातले निम्मे तरी म्हणतात, "अहो, आपलं राज्य तर ठरलेलंच आहे. कुणाला मत द्या, निकाल तोच!"

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हे आधीच कबूल करायला हवं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांवर निवडला जात नाही. मेन आणि नेब्रास्का सोडले तर बाकीच्या ४८ राज्यांत जो पुढे, त्याला त्या राज्याची सगळी इलेक्टोरल मतं. त्यामुळे कॅलिफोर्नियात एका बाजूने लाखभर मतं कमी-जास्त झाली तरी व्हाइट हाउसमध्ये कोण जाणार यात सहसा बदल होत नाही. हा हिशोब बरोबर आहे. पण मताची किंमत काढायची ही एकच रीत आहे का?

आधी नेहमीची उदाहरणं घेऊ. २००० साली फ्लोरिडात सुमारे ६० लाख मतं पडली आणि बुश व गोर यांच्यातला अधिकृत फरक निघाला ५३७. आपल्याकडे एका मोठ्या सोसायटीत याहून जास्त मतदार असतात! देशभरात गोर यांना पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती, तरी फ्लोरिडाची २५ इलेक्टोरल मतं गेली आणि अध्यक्षपदही गेलं. दुसरं उदाहरण व्हर्जिनियाचं. २०१७ मध्ये तिथल्या विधानसभेच्या ९४व्या मतदारसंघात दोन्ही उमेदवारांना ११,६०८ मतं मिळाली. मग ४ जानेवारी २०१८ ला दोघांची नावं कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डब्यांत घालून ते डबे एका मातीच्या वाडग्यात ठेवले आणि चिठ्ठी काढली. डेव्हिड यान्सी यांचं नाव निघालं आणि सभागृहात रिपब्लिकन पक्षाचं बहुमत ५१ विरुद्ध ४९ असं टिकलं. त्या दिवशी मतदानाला न गेलेला एक जण जरी गेला असता, तरी वाडगं काढावं लागलं नसतं.

पण खरं सांगायचं तर ही उदाहरणं मला पुरेशी वाटत नाहीत. असे निकाल क्वचितच लागतात. लॉटरी लागलेल्या माणसाची गोष्ट सांगून कुणाला तिकीट घ्यायला लावण्यासारखं ते होतं. मला पटतं ते कारण वेगळं आहे, आणि ते इतिहासात सापडतं. एका मताची किंमत जर काहीच नव्हती, तर ते मत लोकांना मिळू नये म्हणून इतक्या जणांनी इतकी मेहनत का घेतली?

बघा ना. देश स्थापन झाला तेव्हा मत कुणाला द्यायचं हे राज्यांवर सोडलं होतं आणि बहुतेक ठिकाणी ते मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांपुरतंच होतं. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये पंधरावी घटनादुरुस्ती झाली. वर्णावरून मताधिकार नाकारता येणार नाही, असं कागदावर आलं. त्याच वर्षी मिसिसिपीतून हायरम रेव्हेल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर झाले. म्हणजे मत मिळाल्याबरोबर त्याचा परिणाम दिसायला लागला. आणि म्हणूनच ते काढून घेण्याचे उद्योग सुरू झाले.

१८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. तिच्यात 'काळ्यांना मत नाही' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. फक्त मतदानासाठी कर भरायचा आणि राज्यघटनेतलं एखादं कलम वाचून किंवा ऐकून समजावून सांगायचं. कुठलं कलम आणि उत्तर बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी अधिकारी! गोऱ्या माणसाला सोपी ओळ, काळ्या माणसाला वकिलालाही घाम फुटेल असा परिच्छेद. लुइझियानाने १८९८ मध्ये आणखी पुढची युक्ती काढली. तुमचा बाप किंवा आजा १८६७ च्या आधी मतदार असेल, तर तुम्हाला परीक्षा माफ. आता त्या काळी गुलाम असलेल्यांचे आजे मतदार कुठून असणार? परिणाम आकड्यांत बघा. त्या राज्यात १८९६ साली १ लाख ३० हजारांवर कृष्णवर्णीय मतदार होते. १९०४ मध्ये उरले १,३४२.

बायकांची गोष्टही अशीच लांबलेली. सुझन अँथनी यांनी १८७२ मध्ये रॉचेस्टर गावी सरळ जाऊन मत दिलं, तर त्यांना अटक झाली. खटला चालून १०० डॉलर दंड झाला, तो त्यांनी कधीच भरला नाही. त्या १९०६ मध्ये गेल्या, आणि स्त्रियांना देशभर मताधिकार देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती आली १९२० मध्ये. ४८ पैकी ३६ राज्यांची संमती हवी होती, ३५ झाली होती. छत्तिसावं राज्य टेनेसी. तिथल्या सभागृहात ठराव बाजूला ठेवण्यावर मतं पडली ४८-४८. हॅरी बर्न नावाचा २४ वर्षांचा सभासद विरोधकांचं लाल गुलाबाचं फूल कोटाला लावून बसला होता. पण त्याच्या खिशात आईचं पत्र होतं. बायकांच्या बाजूने मत दे, असं तिने लिहिलं होतं. मूळ ठरावावर नाव पुकारल्यावर तो 'हो' म्हणाला आणि काम झालं! ज्या आईला स्वतःला या ठरावावर मत नव्हतं, तिचं म्हणणं असं देशाच्या घटनेत जाऊन बसलं.

इथे एक गोष्ट आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा त्या शहरातल्या बायकांना मत नव्हतं. न्यूयॉर्क राज्याने ते दिलं १९१७ मध्ये. पुढे १९१९ ला साउथबरो समितीपुढे आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराचा प्रश्न मांडला, आणि सायमन कमिशनपुढे तर सगळ्या प्रौढांना मत द्या अशी मागणी केली. स्वतंत्र भारताने १९५० मध्ये ते एका फटक्यात देऊन टाकलं. लोक साक्षर नाहीत, ही सबब आपण चालू दिली नाही. त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिणेत साक्षरतेची परीक्षा अजून जोरात चालू होती.

ती किती हास्यास्पद होती हे सेल्मा गावात दिसलं. अलाबामातल्या या डॅलस काउंटीत मतदानाच्या वयाचे सुमारे १५ हजार कृष्णवर्णीय होते, आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांची नावं चारशेसुद्धा नव्हती. नोंदणीचं ऑफिस महिन्यातून दोनच दिवस उघडायचं. जानेवारीत तिथले शंभराहून अधिक कृष्णवर्णीय शिक्षक कोर्टाच्या पायऱ्यांवर रांगेत उभे राहिले. मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारी माणसं, त्यांनाच अधिकारी मतदानाच्या लायकीचे धरत नव्हता! तुरुंगात जावं लागलंच तर म्हणून काहींनी टूथब्रश बरोबर आणले होते. त्यांना पायऱ्यांवरून खाली ढकलणारा शेरीफ जिम क्लार्क. त्याच्या गणवेशावर एक बिल्ला असायचा, त्यावर एकच शब्द: 'कधीच नाही'.

७ मार्च १९६५ ला सुमारे ६०० जण एडमंड पेटस पुलावरून शांतपणे निघाले. पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. २५ वर्षांच्या जॉन लुइस यांची कवटी फुटली. ती दृश्यं त्याच रात्री टीव्हीवर देशाने पाहिली. ६ ऑगस्टला अध्यक्ष जॉन्सन यांनी मताधिकार कायद्यावर सही केली. मिसिसिपीत १९६४ मध्ये शंभरातल्या सातांचीही नोंदणी नव्हती. १९६७ पर्यंत ती साठांच्या आसपास गेली.

आणि जिम क्लार्क? १९६६ मध्ये त्याला पुन्हा शेरीफ व्हायचं होतं. पण आता रांगेत ढकललेली तीच माणसं मतदार झाली होती. क्लार्क हरला. 'कधीच नाही'चं आयुष्य एवढंच निघालं. मला या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. ही काही व्हाइट हाउसची निवडणूक नव्हती, एका काउंटीतल्या पोलीस प्रमुखाची होती. पण सेल्मातल्या माणसाच्या रोजच्या जगण्यात राष्ट्राध्यक्षापेक्षा तो शेरीफच मोठा होता.

आता आपल्या लोकांचं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, तरीही! १९४६ च्या कायद्याने ते दार उघडलं, पण देशात नव्याने यायची मुभा होती वर्षाला फक्त १०० भारतीयांना. दलीपसिंग सौंद बर्कलीतून गणितात पीएचडी करूनही कॅलिफोर्नियात शेती करत होते. ते १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये काँग्रेसवर निवडून आले. आशियातून आलेला तो पहिला सभासद. आणि आपण सगळे जिच्यामुळे इथे येऊ शकलो, ती देशनिहाय कोट्याची जुनी पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर सही झाली ३ ऑक्टोबर १९६५ ला. मताधिकार कायद्यानंतर दोन महिन्यांनी, त्याच काँग्रेसने केलेला कायदा. सेल्माच्या पुलावर लाठ्या खाणाऱ्यांच्या मनात आपण नव्हतो, पण त्यांनी बदललेल्या हवेचा फायदा आपल्याला झाला. आपल्या बेळगाव भागातले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइट परिसरातून काँग्रेसवर निवडून गेले, तो रस्ता असा तयार झालेला आहे.

आणि हा रस्ता एकदा झाला म्हणजे कायमचा झाला असंही नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मताधिकार कायद्यातला एक महत्त्वाचा भाग रद्द केला. पूर्वी कोणत्या राज्यांनी निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची, हे त्या भागावर ठरत होतं. जॉन लुइस २०२० मध्ये जाईपर्यंत तो परत आणायच्या खटपटीत होते.

तर 'आपलं राज्य ठरलेलंच आहे' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. मतपत्रिकेवर सगळ्यात वर राष्ट्राध्यक्ष असतो, पण ती तिथे संपत नाही. खाली शेरीफ असतो, बऱ्याच राज्यांत न्यायाधीश असतो, मुलांच्या शाळेचं बोर्ड असतं, प्रॉपर्टी टॅक्सचा प्रश्न असतो. तिथे मतं थोडी पडतात, आणि म्हणूनच तुमचं मत जड असतं. इथे मतदार यादीत नाव घालायलाही बहुतेक ठिकाणी कुणी दारावर येत नाही, आपणच घालावं लागतं. मंगळवारी सुट्टीही सगळ्यांना नसते. थोडा त्रास आहे, मान्य. पण टूथब्रश बरोबर न्यावा लागत नाही, एवढं नक्की.