हिमगौरीचा आरसा आणि ज्ञानेश्वरांची भिंत

१/ २१ डिसेंबर १९३७. लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल चित्रपटगृहात वॉल्ट डिस्ने यांचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स' प्रथम झळकला. ग्रिम बंधूंनी १८१२ साली प्रसिद्ध केलेली ही परीकथा मराठी मुलांना 'हिमगौरी आणि सात बुटके' म्हणून परिचित आहे. डिस्ने यांनी तिला रेषा, रंग आणि गाणी दिली.

२/ चित्रपटाची लांबी ८३ मिनिटे. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने पडद्यावर सुमारे १ लाख १९ हजार चौकटी सरकतात. बोलका आरसा, बुटके, वनातील हरणे, सारेच हाताने रेखाटलेले. पूर्ण होण्याआधी हॉलिवूडमध्ये या खटाटोपाला 'डिस्नेचा वेडेपणा' म्हणून हिणवले गेले होते.

३/ त्यानंतर तिसऱ्याच वर्षी, १९४० साली, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'संत ज्ञानेश्वर' आला. दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे. अद्भुत आणि संगीत येथेही होते. रेडा वेद म्हणतो, भिंत चालू लागते. मात्र हा कार्टूनपट नव्हता. पडद्यावर हाडामांसाची माणसे होती आणि चमत्कार प्रल्हाद दत्त यांच्या युक्तीचित्रणातून साकारले होते.

४/ या कथेचे एक महत्त्वाचे स्थळ आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असे मानतात, तो 'पैस' खांब आजही तेथे पूजला जातो.

५/ प्रभातने कार्टूनचा मार्ग का धरला नाही? तंत्राची ओळख नव्हती, असे नाही. १९३४ सालीच प्रभातने 'जंबू काका' हा छोटा कार्टूनपट काढला होता. त्याचा नायक एक कोल्हा.

६/ खर्च हे एक उघड कारण. दीड तासाच्या कार्टूनपटाला चित्रकारांची फौज आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागते. पण कोल्हा रेखाटावा आणि संत मात्र नटाकरवी उभा करावा, या निवडीचा उलगडा केवळ पैशाने होत नाही.

७/ परीकथेवर कोणी श्रद्धा ठेवत नाही. बोलका आरसा खोटा आहे, हे मुलालाही कळते. म्हणून तो रेखाटला तरी कोणाचे मन दुखावत नाही. भिंत चालली ही मात्र वारकऱ्याच्या लेखी घडलेली गोष्ट आहे. तिला दगडमातीचा भास हवा. 'कार्टून' या शब्दाला थट्टेचा वास होता, आणि चरित्राची थट्टा कोणाला रुचणार?

८/ हा संकोच पुढे उघडपणे प्रकटला. १९८० च्या दशकात जपानचे युगो साको यांनी रामायणावर कार्टूनपट करण्याचे ठरवले, तेव्हा रामकथा कार्टूनच्या रूपात दाखवण्यास भारतातून आक्षेप घेण्यात आला. अखेर चित्रपट जपानमध्ये घडला. त्याच्या दिग्दर्शकांत राम मोहन होते. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात ते घडले होते. 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' १९९२ साली पूर्ण झाला. आज तोच चित्रपट अनेक भारतीय घरांत जिव्हाळ्याने आठवला जातो.

९/ आता पुन्हा १९४० कडे. प्रभातचे तरुण ज्ञानेश्वर साकारले शाहू मोडक यांनी. १९१८ साली अहमदनगरात, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला होता. हा चेहरा महाराष्ट्राने ज्ञानेश्वर म्हणून स्वीकारला. पुढे कृष्ण म्हणूनही.

१०/ श्रद्धेला रेषेचे वावडे वाटले, परधर्मीय नटाचे वाटले नाही. समाज कोणत्या गोष्टीने दुखावतो आणि कोणती सहज आपलीशी करतो, हे आधी ठरलेले नसते. ते काळागणिक बदलते, आणि म्हणूनच त्याचा इतिहास लिहावा लागतो.