क्षिप्रेकाठचा माल आणि इटलीचे बंदर

उज्जैनच्या उत्तरेला, क्षिप्रेच्या काठी भैरवगड वसले आहे. काळभैरवाचे मंदिर आणि छिपा कारागिरांची बाटिक छपाई यांसाठी ते ओळखले जाते. या मंदिराच्या जीर्णोद्धाराशी महादजी शिंद्यांचे नाव जोडले जाते. जवळच गढकालिकेच्या परिसरात प्राचीन उज्जयिनीचे अवशेष आहेत. समुद्रापासून दूर असलेल्या या नगरीचा माल एके काळी इटलीपर्यंत पोहोचत असे.

इ. स. पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये उज्जयिनीचा उल्लेख ‘ओझेने’ असा येतो. तेथून अकीक, तलम मलमल आणि बरेचसे साधे कापड भरुचला जाई. दक्षिणेकडून पैठण आणि तेरचा मालही गाड्यांतून त्याच बंदरात येई. भरुचपासून पैठण 20 दिवसांच्या वाटेवर आणि तेर त्यापुढे 10 दिवसांच्या वाटेवर असल्याचे हा ग्रंथ सांगतो.

भरुचजवळचे नर्मदेचे मुख अरुंद, तिथली भरती-ओहोटी विलक्षण जोराची. म्हणून राजाच्या सेवेतील कोळी मोठ्या होड्या घेऊन सौराष्ट्रापर्यंत सामोरे जात आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत बंदरात आणत. ही जहाजे जुलैच्या सुमारास इजिप्तमधून निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडत. येताना ती इटलीची मद्ये, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्या-चांदीची नाणी आणत. इटलीच्या मद्याला भरुचमध्ये विशेष पसंती होती.

परतीचा प्रवास हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यावर होई. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके किंवा मायोस होर्मोस येथे उतरलेला माल उंटांवरून नाईलकाठच्या कोप्तोसला आणि तेथून नदीमार्गे अलेक्झांड्रियाला नेत. पूर्वेकडील मालावर रोमन सरकार 25 टक्के जकात घेई. यानंतर भूमध्य समुद्र पार करून जहाजे नेपल्सच्या आखातातील पुतेओली, म्हणजे आजच्या पोत्सुओली, या बंदरात येत. जवळच्या ज्वालामुखी राखेपासून केलेले काँक्रीट पाण्यातही घट्ट होई. बंदराचा धक्का त्याच काँक्रीटचा होता. पुढे सम्राट क्लॉडियस आणि ट्रेजन यांनी रोमजवळ नवे बंदर उभारले, तसे पुतेओलीचे महत्त्व ओसरले.

भारत आणि इटली यांच्या या संबंधाचा ठळक पुरावा 1938 मध्ये पाँपेईत मिळाला. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या शहरात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मिळाल्या आहेत. पाँपेईची मूर्ती नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आज क्रूझने नेपल्स बंदरात उतरणाऱ्या प्रवाशाला एकाच दिवसात ती पाहता येते आणि पोत्सुओलीलाही जाता येते. मालवा आणि दख्खनच्या प्राचीन सागरी व्यापाराचे पश्चिमेकडचे टोक याच किनाऱ्यावर होते.